मुठीचा आकार

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या कंपनीत तीन बॅटऱ्यांच्या टॉर्चचा आकार आज पक्का करायचा होता. बॅटऱ्या एका रांगेत ठेवल्या, तर टॉर्च दांडक्यासारखी लांब होते आणि पुढच्या वजनाने मनगट दुखतं. शेजारी शेजारी ठेवल्या, तर इतकी जाड होते की बोटं पुरत नाहीत. म्हणून टीम लीड सत्यजितने ड्रिल मशीनसारखी खाली वळलेली मूठ केली, बॅटऱ्या तिच्यात बसवल्या आणि बटण तर्जनीखाली आणलं. मीटिंग रूममध्ये चाचणीला बोलावलेल्या सगळ्यांना तीच आरामदायक वाटली. एकटा धम्मदीप नाही म्हणत राहिला.

"यार, डेटा समोर आहे," सत्यजित चिडला. "की तुझा हातच आमच्यापेक्षा वेगळा आहे? सही कर, नाहीतर दुसरी टीम शोध."

धम्मदीपने ती टॉर्च उचलून त्याच्याच हातात दिली.

"आज गाडी इथेच ठेव आणि अंधारात चालत घरी जा. पोलिसांची गाडी शेजारी थांबली, की ही अशीच त्यांच्यावर रोख."



"उद्या कामावर आलास," धम्मदीप पुढे म्हणाला, "तर सही करतो."