पहिली पातोळी

"काकू, फोटो काढू?"

आमच्या गावचं खाणंपिणं लिहायला शहरातून आलेली ती मुलगी सकाळपासून चुलीपाशी घुटमळत होती. मी 'काढ' म्हटलं, पण नजर तिच्या हातांवर ठेवली. नैवेद्य उष्टा झाला असता, तर नागपंचमीचा माझा वीस वर्षांचा नेम मोडला असता.

देवाजवळ दिवा लावून परतले, तर अकरा पातोळ्यांतली एक कमी.

"खाल्लीस गो?" मी हळूच विचारलं.

"नाही हो काकू!" तिने परसदारी बोट दाखवलं. विहिरीच्या काठावर हळदीच्या पानासकट पातोळी ठेवलेली. "पहिली विहिरीची ना? तुम्ही विसरलात वाटतं."

तिच्यावर पाळत ठेवण्याच्या नादात खरंच विसरले होते.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"आजीने. ती याच गावची. चाळीत विहीर नव्हती, म्हणून नळाखाली ठेवायची."