दादूचे शेअर

बाजार कोसळला त्या दिवशी चारकोपच्या त्या सोसायटीत सगळ्यांचीच थोडीफार वाट लागली. नंदूची जास्त लागली.

बायको सुगंधा गेल्यावर पतपेढीतून तिच्या फंडाचे पैसे आले होते. ते अक्षताच्या घराच्या बुकिंगसाठी ठेवायचे, असं तिने जाण्याआधी बजावलं होतं. नंदूने ते सगळे एकाच कंपनीत घातले. भाव पडला तेव्हा आणखी घेतले, स्वस्तात मिळतायत म्हणून. त्या सकाळी कंपनीच्या हिशेबात घोळ असल्याची बातमी आली आणि दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त पैसे गेले.

लेकीला त्याने सांगितलं नाही. अक्षता मुलुंडला भाड्याने राहत होती आणि दर रविवारी फोनवर बिल्डरचा विषय काढत होती.

संध्याकाळी तो खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसला. डाव्या बाजूला दादू होता. समोरच्या दारातला शेजारी, बसडेपोतून रिटायर झालेला. हातात मोबाइल, त्यावर कंपन्यांची नावं. अक्षरं एवढी मोठी की नंदूला मान वळवावी लागली नाही. सगळा बाजार रक्तबंबाळ आणि दादूच्या स्क्रीनवर किरकोळ लाल.

"तू कधीपासून रे शेअरमध्ये?" नंदूने विचारलं.

"बघतो आपला," दादू म्हणाला.

नंदूला झोप लागली नाही. पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण दादूचे गेले नाहीत, हे जास्त लागलं.

सवय जुनी होती. दादूने खिडकीला बाहेर काढलेली ग्रिल बसवली, की लगेच नंदूची बसायची. दादूकडे दोन दारांचा फ्रिज आला तेव्हा नंदूचा चालू फ्रिज भंगारात गेला. सुगंधा हसायची. म्हणायची, दादूभावजींना गावी घर बांधायला सांगते, म्हणजे आपलंही होईल.

ती पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासायची. सगळं एका जागी घालू नका, असं तिने नंदूला किती वेळा सांगितलं असेल. पतपेढी वेगळी, बाजार वेगळा, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आता दादूकडे आणखी एक गोष्ट होती, जी दुकानात मिळत नव्हती. दिवेलागणीला त्याची बायको माधुरी गॅलरीतून हाक मारायची, "अहो, चहा." दादू उठायचा. नंदू बसून राहायचा.

आणि एक सल त्याने कोणालाच सांगितला नव्हता. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तो जेवून परत आला, तेव्हा सुगंधा दादूशी बोलत होती. श्वास पुरत नव्हता तरी बोलत होती. नंदू दिसताच दोघं गप्प झाली. त्याने विचारलं नाही. दादूनेही सांगितलं नाही.

त्या दिवसानंतर नंदू रोज दादूच्या उजवीकडे बसू लागला. दादू पेपर चष्म्याशिवाय वाचायचा, मोबाइलवर मात्र अक्षरं मोठी. शौक असतील, नंदूला वाटलं. तो नावं पाठ करायचा आणि सकाळी तेच शेअर घ्यायचा, उरलेल्या पैशांतून थोडे थोडे. टूथपेस्ट, रंग, वायर, औषधं. सगळ्या कंटाळवाण्या कंपन्या.

एका संध्याकाळी वायरवाल्या कंपनीचं नाव स्क्रीनवर दिसेना. नंदूला राहवलं नाही.

"वायरवाली कुठे गेली रे?"

आपण चोरून बघतो हे उघड झालं म्हणून तो ओशाळला. दादूला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही.

"दहा रुपयांतला एक गेला की नाव काढायचं," तो म्हणाला. "मग कितीही आवडती असू दे."

"आणि अजून स्वस्त झाली तर?"

"पडतंय त्यात हात घालायचा नाही."

नंदूने सकाळी वायरवाली विकली. महिन्याभरात ती आणखी घसरली. त्याने दादूला मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण दादू बरोबर होता.

कधी युद्धाची बातमी यायची, कधी आयातशुल्काची. बाजार एक दिवस उड्या मारायचा, दोन दिवस लोळायचा. नंदू दादूच्या मागोमाग घेत राहिला, विकत राहिला. हळूहळू, दोनेक वर्षांत, गेलेले बरेचसे भरून आले. पगारातली आपली भर घालून अक्षताने बुकिंग केलं.

तरी त्याला चैन नव्हतं. दादूचे एकूण किती झाले, हे कळत नव्हतं. विचारलं की दादू नुसता हसायचा. ते हसणं नंदूला टोचायचं. याची बायको घरात, याचे शेअर हिरवे, आणि सुगंधाचं शेवटचं बोलणंही याच्यापाशी.

बुकिंगचे पेढे घेऊन तो समोरच्या दारात गेला. खिशात मोबाइल होता. दादूला आपला आकडा दाखवायचा होता. दादू नुकताच खाली गेला होता. माधुरीने दार उघडलं.

"दादूला सांगा वहिनी," नंदू म्हणाला, "आता मी त्याच्या पुढे गेलो असेन. त्याचा आकडा काही सांगत नाही लेकाचा."

माधुरीने पेढ्यांचा बॉक्स उघडून आधी एक पेढा देव्हाऱ्यापुढे नाही, भिंतीवरच्या तसबिरींखालच्या फळीवर ठेवला. तिथे आईवडिलांच्या फोटोशेजारी सोसायटीच्या पूजेतला एक ग्रुप फोटो होता. त्यात सुगंधा होती.

"त्यांचा कसला आकडा, भावजी? शेअरचं खातंच नाही त्यांचं. घाबरतात ते."

"मग मोबाइलमध्ये रोज बघतो ते?"

"बुकिंगचे पेढे आले म्हणजे आता सांगायला हरकत नाही. ती नावं सुगंधाताईंनी दिलेली, हॉस्पिटलात. कधी काढायची, तेही त्यांनीच सांगितलेलं. तुमच्याबद्दल म्हणाल्या, ह्यांना समजवायला जाऊ नका, ऐकायचे नाहीत. नुसतं ह्यांना दिसेल असं धरा."

गॅलरीतून खालचा बाक दिसत होता. दादू डाव्या बाजूला बसला होता, मोबाइल उजवीकडे कलता धरून. शेजारची जागा रिकामी होती.

माधुरीने दादूला चहासाठी हाक मारली तरी नंदू तिथेच उभा होता, खाली गेला नव्हता.