नवा शब्द

पक्षाघाताचा झटका आल्यापासून कुशाबाला कळायचं सगळं, पण तोंडात भलताच शब्द यायचा. त्याला बोलतं करायला महाडहून रेश्मामॅडम वाडीवर यायच्या. त्यांचा नियम एकच, हातवारे करायचे नाहीत, तोंडानं सांगायचं.

"बाबा, आज सकाळी काय पाहिलंत? गोष्टीसारखं सांगा."

कुशाबानं घरामागच्या डोंगराकडे हात केला. ठकूबाईनं नवऱ्याचा हात मांडीवर दाबून धरला. "अवो, हात नाय. बोला."

सकाळी परसामागं डोंगराला पडलेली भेग त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याची अख्खी काठी आत गेली होती. पण 'भेग' काही जिभेवर येईना.

"डोंगर... दार," तो म्हणाला. "दार उघडलं."

"शाबास! वाक्य झालं!" मॅडमनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "पुढे काय झालं?"

मागच्या पडवीच्या पत्र्यावर खडे टपटपले. माकडं असतील म्हणून कुणी वर पाहिलं नाही. कुशाबानं मात्र डोंगराकडे मान वळवली. सगळा जीव जिभेवर आणून तो ओरडला, "पळा!"

ठकूबाईचे डोळे भरून आले. मुलगा, सून उठून टाळ्या वाजवू लागले.

"नवा शब्द!" मॅडम आनंदानं म्हणाल्या. "बसा, बसा सगळे. त्यांना पुन्हा म्हणू द्या."