थरथरता कंदील

घैसास मास्तरांनी इस्त्री तापत ठेवली होती आणि त्यांची मुलगी केतकी कंदील पाठीमागे लपवून उभी होती.

"दे इकडे, सपाट करून टाकतो," मास्तर म्हणाले. "गेटवर लावलास तर लोक हसतील."

कंदिलांसाठी निघालेला हा नवा कागद एकदा घातलेली घडी विसरत नसे. घडी घालणाऱ्या हाताची चालसुद्धा त्यात उतरे आणि रोज दिवेलागणीला तो आपला आपण तसाच उमले. इस्त्री फिरवली की मात्र सगळं विसरे. सोसायटीतले बाकीचे कंदील यंत्राने घडवलेले, एकसारखे गुळगुळीत उमलणारे. मास्तरांनी यंदा हट्टाने स्वतः कात्रीने चिरा दिल्या, घड्या पाडल्या. पण वर्षभरापासून त्यांचा हात कापत होता, आणि ती थरथर कागदाने जशीच्या तशी उचलली होती.

"बाबा, आधी एकदा बघा तरी." केतकीने कंदील खिडकीत टांगला.

अंधारून आलं. चिरा हळूहळू उघडल्या, पाकळ्या बाहेर आल्या आणि थरथरू लागल्या. आतला दिवा स्थिर होता, तरी वाऱ्यावर पणती तेवावी तसा उजेड भिंतीभर हलत राहिला.

खालून देवधरकाकू ओरडल्या, "केतकी, कुठून आणलास गं? आमच्या कागदाला पण शिकव की!"

मास्तरांनी इस्त्री बंद केली. चारचौघांत कायम खिशात असणारा उजवा हात त्यांनी खिडकीबाहेर काढला आणि तसाच थरथरता उंच हलवला.

"आणलेला नाही, या हातचा आहे! कागद घेऊन वर या."