वरचा पांढरा दगड

"ही बघा आणखी एक लगोरी!" असं स्वतःशीच म्हणत बाईंनी काठी फिरवली. एकावर एक रचलेले दगड खडखडत उतारावर विखुरले.

बाई वाचनालयात ग्रंथपाल. भलत्या जागी खुपसलेली पुस्तकं आपल्या जागी लावण्यात जन्म गेला, आता डोंगरही त्यांच्याच कपाटातला असल्यासारख्या वागत होत्या. दर वर्षी एक दिवस रजा टाकून त्या एकट्याच इथे येत. डोंगर कसला, आभाळाकडे कललेलं ओलं माळरान नुसतं! झाड नाही, धड पायवाट नाही, खुरट्या झुडपांत दडलेले खड्डे आणि माथ्यावरून खाली पाहिलं तर डाव्या अंगाला लांबच लांब दलदल. या दिवसांत तिच्यावर कापसाच्या बोंडांसारखं पांढरं गवत फुलतं. दिसायला असं देखणं, की कुणालाही तिकडे जावंसं वाटेल.

मागच्या वर्षी दाट धुक्यात बाई तिकडेच गेल्या होत्या. कुणा हौशी माणसाने फोटोपुरते दगड रचले होते, बाईंना वाटलं वाटेची खूण. पायाखाली गादीसारखं मऊ लागलं आणि पुढच्याच पावलाला त्या मांडीपर्यंत आत! बूट गेला, जीव कसाबसा वाचला. तेव्हापासून असा ढीग दिसला, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

आज तर कुणी कहरच केला होता. थोड्या थोड्या अंतरावर ढीग, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर निवडून आणलेली पांढरीशुभ्र गारगोटी. "हौस तरी किती मेल्यांना!" बाई करवादल्या. वाट त्यांना पाठ होती, त्यामुळे चढता चढता एकही ढीग त्यांनी उभा ठेवला नाही. एक गारगोटी मात्र फार गोजिरी निघाली. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला बरी, असं म्हणून ती त्यांनी खिशात टाकली.

माथ्यावर पोचेपर्यंत धुकं उतरलं. पडक्या दगडी भिंतीच्या आडोशाला लाल टोपी घातलेली एक मुलगी थर्मास मांडीवर घेऊन बसली होती.

"या काकू, बसा. चहा घ्या गरम गरम."

"एकटीच आलीस गं? अशा हवेत?" बाईंनी पेला घेत विचारलं.

"नाही हो, बाबा येतायत ना मागून. पायथ्याच्या फाटकापाशी दिसले असतील तुम्हाला. जाड भिंगांचा चष्मा?"

दिसले होते की. बुटांच्या नाड्या चाचपत बसले होते. बाईंनी "येताय का बरोबर?" असं विचारलंही होतं. तर ऐटीत म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. लेकीने माझी सगळी सोय करून ठेवलीय." बाईंना वाटलं, खाण्यापिण्याची.

"त्यांना कुणी हात धरलेला खपत नाही," मुलगी सांगू लागली. "नजर पार गेलीय. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, त्यात उरलंसुरलं जाईल की राहील, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणाले, त्याआधी एकदा मला माझ्या पायांनी वर जाऊ दे, एकट्याला. हट्टच धरून बसले. मग मी काय केलं, पहाटेच पुढे निघाले आणि येता येता वाटेने दगड रचत आले. त्यांना आता पांढरं तेवढं कळतं, म्हणून प्रत्येकावर गारगोटी. बाबांना सांगून ठेवलंय, पांढरं दिसलं की बिनधास्त तिकडे चालत सुटायचं. आहे की नाही युक्ती?"

बाईंनी पेला खाली ठेवला. मघाशी काठीखाली खडखडणारे दगड आता त्यांच्या कानात खडखडत होते.

"मी पाडले," त्या म्हणाल्या.

"काय पाडलं?"

"दगड. सगळे. मला वाटलं, कुणीतरी उगाच..." त्यांनी खिशातली गारगोटी काढली आणि तळहातावर धरली.

मुलगी त्या गारगोटीकडे बघतच राहिली. चेहऱ्यावरचं हसू पुसायचंही तिला सुचलं नाही. मग थर्मास भिरकावून ती भिंतीच्या टोकाशी धावली. समोर हातभरापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"बाबा! बाबाऽऽ! कुठे आहात?"

बाई धडपडत तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. उजवीकडे, वाटेच्या बाजूला, दोघींनी कान लावला. तिकडे वाऱ्याशिवाय काही नव्हतं.

आवाज डावीकडून आला. चांगला खणखणीत, खुशीत आलेला.

"अगं, ओरडतेस कशाला? आलोच की! पण किती खुणा करून ठेवल्यास पोरी! इकडे तर पायाशी बघावं तिकडे पांढरंच पांढरं!"