मधल्याची खरखर

फेज-लॉक लूप नावाच्या सर्किटमध्ये एका लहरीला दुसरीच्या पावलावर पाऊल टाकत चालायचं असतं. कुठे किती चुकतंय, हा निरोप तिला फिल्टरमधला ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारा छोटा घटक, पोचवतो. आज मात्र पडद्यावरची रेघ काही केल्या थरथरायची थांबेना.

"ताई, सगळ्यात वेगवान ऑप-अँप निवडलाय मी," सहकारी हिरमुसून म्हणाला.

"वेगवान आहे रे, पण निरोपात स्वतःचीच खरखर मिसळतो. लहरीला वाटतं, आपलंच चुकलं. बिचारी उगाच हलत राहते." ताईने बेताच्या वेगाचा, शांत ऑप-अँप बसवला. रेघ स्थिरावली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेकीच्या लग्नावरून बिनसल्यापासून बापलेकीचं बोलणं हिच्यामार्फतच चाले. "आई, बाबांना सांग, रविवारी येतेय."

घरी पोचल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "रविवारी येतेय म्हणाली."

तो पुढचं ऐकायला थांबला. "एवढंच? दर वेळी शेवटी एक टोमणा असतो की."

"तो तिचा नसायचा."

त्याने चष्मा काढला.

"म्हणजे इतके दिवस माझ्यावर तू रागावली होतीस?"