मिसेस हॅडलींचा मंगळवारचा विद्यार्थी

"लुक आफ्टर म्हणजे पाठीमागून बघणं," तेस्फाय म्हणाला आणि सुपाचा वाडगा हळूच पुढे सरकवला.

मिसेस हॅडलींनी कपाळाला हात लावला. "पाठीमागून बघायला तू काय पोलीस आहेस? लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. आई बाळाची घेते तशी. आता वाक्य कर बघू."

"मी बसला लुक आफ्टर करतो."

"बसला? धन्य आहेस बाबा."

हसता हसता त्यांनी चमचाभर सूप घेतलं. तेस्फायला हायसं वाटलं.

खरं तर त्याचं इंग्रजी फर्डं होतं. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणं हा त्याचा पेशा, आणि मिसेस हॅडलींच्या मुलीनं, रोझलिंडनं, त्याला नेमलं होतं ते आईच्या नकळत. बाई अस्सल इंग्रज. आपला कुणाला त्रास नको, एवढंच धरून बसलेल्या. आधीच्या मदतनीस बायकांना त्यांनी चहा पाजला, बिस्किटं दिली, मनापासून आभार मानले आणि वाटेला लावलं. पण जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला. एका परदेशी माणसाला इंग्रजी शिकवाल का म्हटल्यावर दार उघडलं.

हे सोंग उघडं पडलं की त्यालाही चहा आणि निरोप. मग रोझलिंडला त्यांना वृद्धाश्रमात हलवावंच लागलं असतं. हे घर सुटलं तर बाई खचतील, हे तेस्फायला पक्कं ठाऊक होतं. त्याचा जीव जडला होता त्यांच्यावर. म्हणून तो जिवाच्या आकांतानं चुका करायचा.

गरज असेल तसा धडा निवडायचा. पाय सुजले होते तेव्हा त्याला 'पुट अप' अजिबात कळेना. बाईंनी पाय स्टुलावर ठेवून दाखवले.

"मॅडम, वॉश डाउन म्हणजे काय हो?"

"अरे, पाण्याबरोबर घशाखाली उतरवणं. हे असं." त्यांनी समोरच्या गोळ्या तोंडात टाकल्या, वर ग्लासभर पाणी प्यायल्या. "कळलं?"

"थोडं थोडं."

"आता परत दाखवणार नाही हं."

वाडगा रिकामा झाला. तेस्फायनं तो विसळून ठेवला, विद्यार्थ्यानं तेवढं करायलाच हवं म्हणून. मग कोट चढवला. बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या, त्याचा मफलर नीट केला.

"सांभाळून जा. आणि रोझलिंडला फोन करशील तेव्हा सांग, आईनं गोळ्या घेतल्या, सूपही संपवलं. पण तेस्फाय, पुढच्या मंगळवारी चुका जरा बेतानं कर बाळा, मला हसू आवरत नाही."